वाश्टी बन्यनची रेकॉर्ड: पंखा बंद करून ऐकायची

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमचं फ्रेमचं दुकान आहे, बाबांच्या वेळेपासूनचं. दिवसभर मोल्डिंग कापण्याचा आवाज, हातोडी, बाहेर रिक्षांचे भोंगे आणि डोक्यावर गरगरणारा पंखा. अशा जागी गाणं लावायचं तर दमदार गळ्याचंच लावावं लागतं, एरवी अर्धं गाणं पंखाच खाऊन टाकतो. त्यामुळे मी वाश्टी बन्यन या इंग्रज गायिकेची ‘जस्ट अनदर डायमंड डे’ ही रेकॉर्ड परदेशातून मागवली, तीही 3,800 रुपये मोजून, तेव्हा घरात प्रत्येकाने एकदा तरी विचारलं की ही तू ऐकणार कुठे. त्याला आता पाच महिने झाले. रेकॉर्ड घ्यावी का, एवढंच ज्यांना हवं आहे त्यांना सांगते: घ्या. पण त्याआधी फोनवर ऐका, आणि ऐकताना घरातला पंखा बंद करा. का, ते पुढे सांगते.

ती माझ्यापर्यंत आली पुरात. 2024 च्या ऑगस्टमध्ये, जन्माष्टमीच्या सुमारास, बडोद्यात विश्वामित्री नदी 37 फुटांपर्यंत चढली होती. आम्ही कारेलीबागेत दुसऱ्या मजल्यावर राहतो. तळमजला पाण्याखाली, वीज गेलेली, आणि त्या गढूळ पाण्यात मगर फिरते आहे असं जो तो सांगत होता, त्यामुळे जिन्यावरून खाली उतरायला कोणी तयार नव्हतं. फाइन आर्ट्समध्ये शिकणारी माझी भाची तेव्हा आमच्याकडेच अडकली होती. दुसऱ्या रात्री दोघींनाही झोप येईना. पंखा नाही, फ्रिजची घरघर नाही, रस्त्यावर एक वाहन नाही. सगळा जन्म या शहरात काढला, पण बडोदा इतकं गप्प झालेलं मी कधी ऐकलं नव्हतं. तिने फोन दोन उशांच्या मध्ये ठेवला आणि म्हणाली, “आत्या, बॅटरी चौदा टक्के आहे, एकच लावते. मोठा कर म्हणू नकोस हं.”

ते ‘ग्लो वर्म्स’ होतं, म्हणजे काजवे. छोटंसं गाणं. मला इंग्रजी वाचता येतं, पण गाण्यातलं इंग्रजी पहिल्या खेपेला कळत नाही. त्या रात्रीही शब्द फारसे लागले नाहीत. लागला तो आवाज. त्यात जोर नव्हता, लाडिकपणा नव्हता, ऐकणाऱ्याला आपल्याकडे ओढून घ्यायची धडपड नव्हती. गाणं संपलं तेव्हा खाली पाणी भिंतीला लागत होतं, तो आवाज ऐकू आला. इतका वेळ तो येतच असणार, पण माझे कान त्या गाण्याने उघडले. मी तिला म्हटलं, अजून एक लाव. तिने लावलं, आणि फोन बंद पडला.

वाश्टी बन्यनचा जन्म 1945 चा, न्यूकॅसलचा. ऑक्सफर्डला रस्किन या चित्रकलेच्या शाळेत ती शिकत होती आणि तिथून तिला काढून टाकलं, कारण चित्रं सोडून ती गाणी रचत बसायची. हे कळल्यावर भाचीला ती एकदम आपली वाटायला लागली. अठराव्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये तिच्या कानावर बॉब डिलनची रेकॉर्ड पडली आणि गायिका व्हायचं तिने ठरवून टाकलं. 1965 मध्ये रोलिंग स्टोन्स या बँडचा मॅनेजर अँड्र्यू लूग ओल्डहॅम याने तिला हेरलं आणि त्याच बँडच्या जॅगर-रिचर्ड्सचं एक गाणं तिच्याकडून गाऊन घेतलं. ते चाललं नाही. पुढच्या वर्षी ‘ट्रेन साँग’ निघालं, तेही नाही. आज ‘ट्रेन साँग’ ऐकलं की हे कसं चाललं नसेल, हेच समजत नाही.

मग 1968 मध्ये ती आणि तिचा मित्र रॉबर्ट लुइस यांनी एक घोडागाडी घेतली आणि लंडनहून निघाले ते स्कॉटलंडच्या स्काय बेटाकडे. डोनोव्हन नावाच्या गायकाने तिकडे जागा घेतली होती, चित्रकार-गवय्यांनी एकत्र राहायचं असा बेत होता. बेस नावाची घोडी, एक कुत्रा, वर ताडपत्री. आगगाडीने जे अंतर दिवस-रात्रीत काटता येतं त्याला दीड-दोन वर्षं लागली. पोचेपर्यंत तिथली मंडळी पांगली होती. ही दोघं आणखी पुढे, बाहेरच्या हेब्रिडीज बेटांकडे गेली. वाटेत जे दिसलं, जे करावं लागलं, त्याची गाणी होत गेली, आणि 1969 च्या शेवटी लंडनच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत जो बॉइड या निर्मात्याने थोड्या रात्रींत ती ध्वनिमुद्रित केली. निक ड्रेक या गायकाच्या पहिल्या दोन रेकॉर्डही याच बॉइडच्या. 1970 च्या डिसेंबरात फिलिप्सने ‘जस्ट अनदर डायमंड डे’ बाजारात आणली. जेमतेम काही शे प्रती खपल्या.

यानंतर वाश्टी बन्यनने गाणं सोडलं. मुलं वाढवली, जनावरं पाळली. त्या काळात आपण मुलांनासुद्धा गाऊन दाखवलं नाही, असं तिने स्वतः सांगितलेलं आहे. हे वाचलं त्या दिवशी मी दुकान उघडून बराच वेळ काहीच न करता बसले होते. आपल्या आया, मावश्या, काकू आठवा. गळा असलेली बाई लग्नानंतर गायची बंद होते ती कुणी तोंड दाबलं म्हणून होते असं दर वेळी नसतं. एकदा मनापासून गायलं आणि समोरच्याने पान खात दुसराच विषय काढला, एवढंही पुरतं.

आता गाण्यांकडे येते. दोन्ही बाजू मिळून चौदा गाणी, सगळं मिळून अर्ध्या तासाच्या थोडं पुढे. पहिलं ‘डायमंड डे’ तर दोन मिनिटांचंही नाही. शेतातला एक दिवस, पेरणं, उगवणं, बस. त्यात रॉबर्ट कर्बीने व्हायोलिनची मंडळी आणि रेकॉर्डर नावाची लाकडी बासरी घातली आहे. आमच्या धंद्यात लहान चित्राला रुंद माउंट देतात. पोस्टकार्डाएवढं जलरंग चित्र असेल तर चारी बाजूंनी तीन-तीन इंच कोरा कागद सोडायचा आणि कटरने आतली कड तिरकी कापायची, म्हणजे नजर आपोआप मधे जाते. गिऱ्हाईक म्हणतं, ताई, एवढा कागद कशाला वाया घालवता? लावून दाखवलं की गप्प होतं. कर्बीने तीन गाण्यांना हेच केलंय: ‘डायमंड डे’, ‘स्वॅलो साँग’ आणि ‘रेनबो रिव्हर’. वाद्यं आवाजाच्या भोवती आहेत, आवाजावर कुठेही चढत नाहीत.

बाकीच्या गाण्यांत फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या नावाजलेल्या लोकसंगीताच्या मंडळीतले डेव्ह स्वारब्रिक आणि सायमन निकल, आणि इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँडचा रॉबिन विल्यमसन वाजवतात. मोठे वादक आहेत. पण दोन-तीन ठिकाणी मँडोलिन, शिट्टीसारखी बासरी असं काहीबाही मधे येत राहतं आणि मला ते साध्या चित्राला सोनेरी नक्षीची पट्टी लावल्यासारखं वाटतं. वाश्टी बन्यनलाही आपल्या गाण्यांना असा लोकगीताचा रंग चढला ते पुरतं रुचलं नव्हतं. आपण लोकगीतं गाणारी नाही, असं ती नेहमी सांगत आली. मला ते पटतं. गावोगाव पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं यात काही नाही. यातली बहुतेक गाणी एका मुलीने स्वतःच्या हाताने रचलेली आहेत. ‘टिमथी ग्रब’ तर मी सुई उचलून पुढे ढकलते. गोष्ट सांगितल्यासारखं गाणं आहे, गोड आहे, पण मला लांबतं.

‘विंडो ओव्हर द बे’ मात्र ऐकाच. खाडीवर उघडणारी एक खिडकी असलेलं घर असावं, एवढीच इच्छा. ज्या मुलीने हे रचलं तिच्या डोक्यावर तेव्हा गाडीची ताडपत्री होती. आणि दुसऱ्या बाजूचं पहिलं, ‘रोझ हिप नोव्हेंबर’. रोझ हिप म्हणजे गुलाबाच्या पाकळ्या झडून गेल्यावर देठावर राहतं ते लाल बोंड. फूल संपल्यानंतरची गोष्ट. हार्पच्या तारा सुट्या सुट्या पडत राहतात आणि ती महिन्याचं नाव घेते, जसं आपण कुणाची वाट पाहताना घड्याळाकडे बघून वाजलेली वेळ पुटपुटतो. माझ्याकडची सुई या गाण्यावर आली की मी हातातलं काम खाली ठेवते. याहून जास्त मला या गाण्याबद्दल सांगता येत नाही.

‘जॉग अलाँग बेस’ हे घोडीला उद्देशून आहे आणि चाल घोडीच्या चालीची आहे. दुडकी, पण पळणारी नाही. दोन-तीनदा ऐकल्यावर लक्षात आलं की सगळ्या रेकॉर्डचीच चाल ही आहे. माणूस गाडीशेजारून पायी चालला तर त्याचा श्वास जसा चालेल, तशा ओळी तुटतात. चढ आल्यासारखी ओळ थोडी रेंगाळते, उतारावर दोन शब्द एकत्र येतात. स्टुडिओत बसून अशी लय ठरवता येत नाही.

या रेकॉर्डवर एक आक्षेप मी बऱ्याच जणांकडून ऐकला, भाचीच्या मित्रमैत्रिणींकडूनही. हे बालगीतांसारखं आहे, म्हणतात. खरंच, ‘लिली पाँड’ची चाल तर इंग्रजी शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ असलेल्या ताऱ्याच्या कवितेची आहे. पण बालगीतासारखं म्हणजे कमी, हे कुणी ठरवलं? आमच्याकडे नवरात्रात संध्याकाळी भोंडला असतो. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा, शेवटी खिरापत ओळखायची. रात्री त्याच मुली घागरे घालून गरब्याच्या मैदानावर जातात, तिथे भिंतीएवढे स्पीकर असतात. दोन्ही माझे आहेत, दोन्हींवर माझा जीव आहे. पण भोंडल्याच्या गाण्यांच्या चाली बघा, पाच वर्षांच्या मुलीला एका फेरात येतात. आणि त्यात आहे काय? सासूबाईंना विचारून माहेरी जायची परवानगी. ती वेल लाव म्हणते, मग वेलाला फूल येऊ दे म्हणते, मग कारलं, मग भाजी, आणि माहेर पुढे पुढेच जातं. लहान मुलीच्या चालीत बाईचा सगळा संसार घातलेला आहे. रडायला वेगळी चाल लागत नाही, हे त्या रचणाऱ्या बायकांना ठाऊक होतं. वाश्टी बन्यनला विशीत ते कुठून कळलं कोण जाणे. तिच्या गाण्यांत रोज गाडी जुंपायची आहे, चूल पेटवायची आहे, पाऊस येणार आहे, आणि पोचल्यावर तिथे कुणी असेल याची खात्री नाही. ‘कम विंड कम रेन’ त्या कानांनी ऐका.

विकत घेणाऱ्यांसाठी थोडं. रेकॉर्ड आली तेव्हा कव्हरचा एक कोपरा दुमडलेला होता. पुठ्ठ्याच्या दोन पातळ तुकड्यांमध्ये घालून कुणी इतकं लांब पाठवतं का? विकणाऱ्याला फोटोसकट दोन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. कोपरा मी ओलसर टिपकागद आणि वजन ठेवून दोन दिवसांत सरळ केला, पण प्रत्येकाला ते जमणार नाही. म्हणून मागवताना आधीच नीट पॅकिंग मागा, आणि पार्सल उघडतानाचा व्हिडिओ करून ठेवा. माझ्या प्रतीवर दुसऱ्या बाजूला सुरुवातीला बारीक चरचर होती, मऊ ब्रशने धूळ काढल्यावर ती गेली. कव्हर मात्र पाहत राहावं असं आहे. घरासमोर डोक्याला रुमाल बांधून उभी असलेली ती, आणि अवतीभवती चितारलेली जनावरं. गाय, कुत्री, आणि सगळी तिच्याकडे काही कामासाठी आल्यासारखी.

आणि पंखा. मे महिन्यात बडोद्यात पंखा बंद करा म्हणणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. मी रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढते, माठातलं पाणी जवळ घेते आणि अर्धा तास पंखा बंद ठेवते. हा आवाज मोठा करून भागत नाही. व्हॉल्यूम वाढवला तर गिटारच्या तारेवरून सरकणारं बोट मोठं होतं, श्वास मोठा होतो, पण गाणं जवळ येत नाही. आपण आपल्या बाजूचा आवाज कमी केला की येतं.

एका रविवारी असंच शटर अर्ध्यावर असताना मांडवीकडचे एक काका वाकून आत आले. बायकोचा फोटो फ्रेम करायचा होता. मी घाईने रेकॉर्ड थांबवायला गेले, तर त्यांनी हातानेच राहू दे म्हणून खुणावलं आणि स्टुलावर बसले. ‘स्वॅलो साँग’ चाललं होतं. संपल्यावर म्हणाले, “आ बेन कोण छे?” मी म्हटलं, अंग्रेज छे काका, गुजराती नथी. ते म्हणाले, “केवुं धीमेथी गाय छे. घरमां कोई सूतुं होय एम.” घरात कुणी झोपलेलं असावं तसं. त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता. एवढ्या वर्षांत या आवाजाबद्दल जे लिहिलं गेलंय त्यातलं मी थोडंफार वाचलं आहे, पण या एका वाक्याइतकं नेमकं मला काही सापडलं नाही. फोटोसाठी त्यांनी साधी सागवानी पट्टी निवडली.

ज्यांना ही रेकॉर्ड आवडेल त्यांनी इथे थांबू नये. 1997 मध्ये घरी कॉम्प्युटर आल्यावर तिने स्वतःचं नाव शोधून पाहिलं, आणि आपली विसरलेली रेकॉर्ड लोक हुडकत फिरताहेत हे तिला कळलं. 2000 साली ती रेकॉर्ड पुन्हा बाजारात आली. आणि 2005 मध्ये, म्हणजे पहिलीनंतर पस्तीस वर्षांनी, दुसरी आली: ‘लुकआफ्टरिंग’. निर्माता मॅक्स रिक्टर. आवाज तोच, फक्त तळाशी थोडा खरखरीत झालेला, जुन्या कपाटाचं दार उघडावं तसा. त्यातलं ‘वेवर्ड’ माझं सगळ्यात लाडकं. वाटेला लागायची ओढ असलेली बाई, आणि तिच्या वाट्याला आलेलं घर, धुणं, मागे राहणं. तक्रारीचा सूर नाही, पण काय राहून गेलं ते तिने स्पष्ट सांगितलं आहे. शेवटच्या गाण्यात तर शब्दच नाहीत, नुसतं गुणगुणणं. जी बाई मुलांपुढेही गायली नव्हती तिने नुसत्या गुणगुणण्यावर रेकॉर्ड संपवावी, हे मला फार मोठं वाटतं. मला विचाराल तर गाणी म्हणून ‘लुकआफ्टरिंग’ पहिलीपेक्षा पक्की आहे. पण सुरुवात पहिलीपासूनच करा, नाहीतर मधली पस्तीस वर्षं ऐकू येणार नाहीत.

तिसरी ‘हार्टलीप’, 2014 ची. हिचं बरंचसं काम तिने घरीच, कॉम्प्युटरवर, स्वतः शिकून केलं. तेव्हा ती सत्तरीला टेकलेली होती. यात ‘मदर’ नावाचं गाणं आहे. आपल्याला कुणी पाहत नाही असं समजून आई नाचते आहे, पियानो वाजवते आहे, आणि मुलगी दारातून बघते आहे. एवढंच. त्या दाराबाहेर मीही उभी राहिलेली आहे. आमची आई ओट्यापाशी पोळ्या लाटताना नाट्यपदं म्हणायची, चांगलं तानांसकट, आणि पाऊल वाजलं की लगेच थांबायची. मी एकदाही म्हटलं नाही की आई, थांबू नकोस.

या दोन्ही रेकॉर्डच्या कव्हरवरची चित्रं तिच्या मुलीची, विन लुइसची. ‘लुकआफ्टरिंग’वर ससा, म्हणजे आपल्याकडचा गुबगुबीत नव्हे, लांब कानांचा रानातला. फ्रेमवालीच्या नजरेने सांगते, चित्र बारीक हाताचं आहे, केस न् केस काढलेला. त्या आईने मुलांसमोर गाणं बंद ठेवलं असेल, पण हात चालू ठेवायला ती काहीतरी शिकवून गेली, हे त्या सशाच्या कानात दिसतं.

पहिल्या रेकॉर्डचं कव्हर आता दुकानात समोरच्या भिंतीवर आहे. पाऊण इंची शिसवी रंगाची पट्टी, माउंट नाही, कारण चित्रातच मोकळी जागा भरपूर आहे. दर आठवड्याला कुणीतरी विचारतं, ही काढून द्याल का, किती घ्याल. फ्रेमची मागची पाटी मी खिळे ठोकून बंद केलेली नाही. चार पितळी पट्ट्या आहेत, बोटाने फिरतात. रविवारी त्या फिरवायच्या, कव्हर खाली घ्यायचं, रेकॉर्ड काढायची, पंखा बंद करायचा.